मुंगी न लागलेली साखर

दीडेकशे माणसं जमली होती आणि सगळी एका बशीकडे बघत होती. बशीत साखर होती, आदल्या संध्याकाळपासून उघड्यावर ठेवलेली. तिला एकही मुंगी लागलेली नव्हती.

"पाहिलंत? पापी जीव या भूमीवर पाऊल ठेवू शकत नाही," महाराज म्हणाले.

मुंग्यांनी एवढं कोणतं पाप केलं होतं, ते कुणी विचारलं नाही. त्या मोकळ्या जागेत डास फिरकत नसत, गवत उगवत नसे. मागच्या आठवड्यात एक चिमणी उडता उडता खाली पडली, तेव्हा तिला मोक्ष मिळाल्याचं जाहीर झालं. लोकांनी महाराजांचं नावच मुंगीमहाराज पाडलं होतं. त्यांच्यासमोर तासभर बसलं की भक्तांच्या डोळ्यांतून धारा लागत, तोंडातून लाळ गळे, काहींना दरदरून घाम फुटे. ही म्हणे भक्तीची लक्षणं.

मी भक्तीसाठी गेले नव्हते. त्या जागेला लागूनच कीटकनाशकांचा डेपो आहे आणि तिथल्या तीन मोठ्या पोलादी टाक्या वर्षातून एकदा तपासणं ही माझी नोकरी. डेपोचा स्टोअरकीपर मला घ्यायला फाटकावर आला तो थेट दर्शन घेऊनच. त्याची आई सहा दिवस महाराजांसमोर अगदी पुढे बसत होती, गुडघेदुखीसाठी. गुडघे कसे आहेत, असं मी विचारलं. तो म्हणाला, आई आता गुडघ्यांचं नावच काढत नाही. तशी ती कशाचंच नाव काढत नाही, गप्प गप्प असते. हे तो आनंदाने सांगत होता.

हातमोजे, बूट, मास्क चढवून मी कामाला लागले. असल्या टाक्यांभोवती कमरेएवढी काँक्रीटची भिंत असते. टाकी गळलीच तर माल आतल्या आत राहावा म्हणून. भिंतीच्या तळाशी एक वॉल्व्ह असतो. साचलेलं पावसाचं पाणी तपासून त्यातून सोडायचं आणि एरवी तो बंद, कुलूप लावलेला ठेवायचा. स्टोअरकीपरच्या वहीत दर सोमवारी 'वॉल्व्ह बंद' यापुढे बरोबरची खूण होती. चाळीस सोमवार, चाळीस खुणा, सगळ्या एकाच वळणाच्या. मी वॉल्व्हच्या चाकाला हात लावला. तो पूर्ण उघडा होता आणि तसाच गंजून बसला होता.

"पावसात सारखी उघडझाप कोण करणार, मॅडम," तो म्हणाला.

पंपाच्या जोडातून थेंब थेंब गळत होतं. खाली लावलेला डबा केव्हाच भरून वाहत होता. ओघळ फरशीवरून वॉल्व्हकडे गेला होता, तिथून पाइपात, पाइपातून भिंतीबाहेर. पाइपाचं तोंड कुठे निघतं ते बघायला मी शिडी चढले. ते निघत होतं मुंगीमहाराजांच्या पुण्यभूमीच्या मधोमध.

शिडीवरून आणखी एक गोष्ट दिसली. डेपोच्या छपरावर वारा दाखवणारी कापडी नळी असते. गळती झाली तर कुठल्या बाजूला पळायचं ते कळावं म्हणून. ती नळी फडफडून उलट्या दिशेला वळली. त्याबरोबर महाराजांनी प्रवचन वाक्याच्या मध्येच थांबवलं, मान वर करून नळीकडे पाहिलं आणि "दिशांचा कौल बदलला" असं म्हणून आपलं लाकडी आसन दुसऱ्या टोकाला हलवायला लावलं. लोकही तोंडं फिरवून बसले. वारा पुन्हा महाराजांच्या पाठीवर आणि भक्तांच्या तोंडावर. आसनावरून उतरताना कफनी जरा वर झाली, तेव्हा खाली गुडघ्यापर्यंतचे गमबूट होते.

मी उतरले ती सरळ त्या म्हाताऱ्या आईकडे गेले. डोळ्यांतला मधला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता.

"महाराज म्हणाले, अंतर्दृष्टी उघडतेय," स्टोअरकीपर म्हणाला.

"विष चढतंय. तुमच्याच टाकीतलं," मी म्हटलं. "यांना उचला, कपडे बदला, साबणाने धुवा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. मालाचं लेबल बरोबर घ्या, डॉक्टर विचारतील."

मी सगळ्यांना जागेवरून उठून रस्त्यावर, वारा येतो त्या बाजूला जायला सांगितलं. निम्मे उठले. निम्म्यांना तो महाराजांचा अपमान वाटला. तेव्हा मी महाराजांना विनंती केली, की आजी ज्या पोत्यावर बसल्या होत्या त्यावर पाच मिनिटं बसून दाखवा, तेवढे बूट मात्र काढा. महाराजांनी छपराकडे पाहिलं.

"आज दिशा अनुकूल नाही."

मग त्यांनी अगदी खरं तेच सांगितलं. "मी कुणालाही तिथे बसा म्हटलं नव्हतं."

उरलेले निम्मे तेव्हा उठले. साखरेची बशी मी फाटकाबाहेर नेऊन ठेवली होती. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तिला मुंग्यांची रांग लागली. महाराज वाऱ्याच्या उलट दिशेने चालू लागले आणि पुढच्या चौकात मी बोलावलेल्या पोलिसांनी त्यांना थांबवलं. गृहस्थ बारा वर्षं दुसऱ्या एका डेपोत टँकर भरायला होता. वास ओळखूनच त्याने ही जागा निवडली होती. स्टोअरकीपरला वास रोजचाच, म्हणून येईनासा झालेला.

पंपाचा जोड बदलला, वॉल्व्ह नवा बसवून कुलूप लावलं, जमिनीला कुंपण घातलं, विषारी माती पिंपांत भरून जाणकार माणसं घेऊन गेली. दवाखान्यात पाच जण होते. स्टोअरकीपर आईच्या उशाशी बसून एकच वाक्य बोले, "मी न बघता बरोबरची खूण केली, मॅडम. चाळीस वेळा." त्याची समजूत घालावी असं मला वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं.

चौथ्या दिवशी आजी बोलल्या. "गुडघे फार दुखतायत रे," त्या म्हणाल्या. तो एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडला.

माझं सांगणं एवढंच आहे. जिथे मुंगी जात नाही तिथे आईला बसवण्याआधी, मुंगी का जात नाही ते विचारा. कुणी पुण्य सांगितलं तर तो स्वतः कुठे बसलाय आणि पायात काय घातलंय ते बघा. आणि बरोबरची खूण करण्यापूर्वी उठून वॉल्व्हला एकदा हात लावा.