हळू बोलणारं घर

फोरमन निवृत्त झाले आणि दिवसाउजेडी जागे राहू लागले. घरात काहीतरी चुकलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं ते त्यानंतरच.

सूतगिरणीत त्यांनी उभा जन्म रात्रपाळी केली. सकाळी यायचं, जेवायचं आणि पडदे ओढून झोपायचं. झोप इतकी सावध की वाटीत चमचा वाजला तरी डोळा उघडायचा, आणि डोळा उघडला की घरावर डाफरायचे. बायको बिचारी पावलं न वाजवता चालायला शिकली. मुलगी उशीत तोंड खुपसून रडायची. कुकर घरात आलाच नाही, कारण त्याला शिट्टी असते. मुलगी लग्न होऊन गेली, पण अजूनही फोनवर पहिलं वाक्य दबक्या आवाजात तेच. "आई, बाबा झोपलेत का?"

निवृत्तीनंतरचं फोरमनचं स्वप्न म्हणाल तर अगदी साधं होतं. दुपारी बायकोबरोबर बसून पोटभर गप्पा मारायच्या. एवढ्याचसाठी त्यांनी शेवटची वर्षं कशीबशी रेटली होती.

"अगं, जरा मोठ्यानं बोल की. मी जागा आहे आता."

"मोठ्यानंच बोलतेय," बायको कुजबुजली.

त्यांनी मुद्दाम हातातलं ताट खाली टाकलं. ती धावत आली, "लागलं का हो?" म्हणाली आणि ताट जागेवर असं ठेवलं की ठेवल्याचं कळूही नये. मग त्यांनी गिरणीतला एक चावट किस्सा सांगितला. ती हसली, म्हणजे ओठ हलले. "छान होतं," म्हणाली. पाहुण्यानं जेवणाला म्हणावं तसं.

रोज दुपारी मात्र ती "जरा वर जाऊन येते" म्हणून वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे जायची. ही जुनीच सवय होती. नर्सबाईही आता निवृत्त झाल्या होत्या.

एकदा टाकी भरली का ते बघायला फोरमन गच्चीवर निघाले. नर्सबाईंच्या दारापाशी आले तर आत कोणीतरी खदाखदा हसत होतं. श्वास लागेपर्यंत, ठसका लागेपर्यंत. नर्सबाईंकडे कोण पाहुणी आली बुवा, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात पाहुणी बोलू लागली.

"आणि मग काय, ताट धाडकन खाली! वर माझ्याकडे असे बघतायत, जसं काही ताटानंच उडी मारली."

फोरमन कठडा धरून उभे राहिले. नक्कल त्यांची होती, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचं हसू आपल्याला ओळखता आलं नाही, हे मात्र काळजाला घरं पाडत गेलं. टाकी त्या दिवशी बघायची राहिली.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "वर काय चाललं होतं आज?"

"काही नाही हो, असंच," ती हलक्या आवाजात म्हणाली आणि भाजी निवडू लागली.

दुसऱ्या दिवसापासून ती वर गेली की थोड्या वेळानं फोरमनही निघायचे आणि जिन्यात मधल्या पायरीवर बसायचे. चपला हातात. ती घरी परतायच्या आत खाली उतरून पेपर तोंडासमोर धरायचे. दिवसातला तेवढाच वेळ त्यांना सुखाचा वाटायचा, आणि तोही चोरून मिळवलेला.

एका दुपारी नर्सबाई केराची बादली घेऊन बाहेर आल्या आणि समोरच फोरमन. चोर पकडला जावा तसे ते ओशाळले. नर्सबाई बादली तिथंच ठेवून आत गेल्या आणि दार त्यांनी लोटलं नाही.

आतून बायकोचा आवाज आला, घरातला, तोच दबका.

"आहेत का गं?"

"आहेत. पायरीवर."

संपलं आता, उद्यापासून हेही बंद, असं वाटून फोरमन उठू लागले.

"आत नको बोलावूस," बायको म्हणाली. "समोर आले की माझा घसाच बंद होतो. खूप करून बघते गं, नाही जमत. दार तेवढं उघडं राहू दे."

जराशानं तिनं घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात पेपर उलटा धरून बसलेल्या एका माणसाची गोष्ट सुरू केली. दोघी हसू लागल्या.

फोरमन पुन्हा पायरीवर बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हुंदका वर येत होता. त्यांनी मनगट दातांत घट्ट धरलं आणि जराही आवाज होऊ दिला नाही.