दिसायला लागल्यावर

घरात तिला सगळे थोरली म्हणत. थोरलीनं समाजशास्त्रात पदवी घेतली, तीही चांगल्या मार्कांनी, आणि घरच्यांना कोडं पडलं की आता या मुलीला काम कुठलं मिळणार. धाकटा भाऊ फ्रीज दुरुस्तीचा कोर्स करून केव्हाच कमावता झाला होता. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. माणूस मिश्कील. एकदा जेवताना म्हणाले, "लिफ्ट अडकली की लोक मला फोन करतात. समाज अडकला की कुणाला करायचा, हे अजून त्यांना कळलेलं नाही. एवढीच काय ती अडचण." सगळे हसले. थोरलीही हसली, पण ताट अर्धवट टाकून उठली.

मावशीला समाजशास्त्र आणि समाजसेवा यांतला फरक कधी कळलाच नाही. "काम चांगलं आहे गं," ती दर खेपेला सांगायची, "पण पोटापाण्याचं काहीतरी बघ."

थोरलीनं अर्जांचा सपाटा लावला. एका विमा कंपनीच्या साहेबानं तिची पदवी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "म्हणजे तुम्हाला नक्की काय येतं?"

"लोक जे करतात ते का करतात, हे मला शोधून काढता येतं."

"ते का करतात याच्याशी आम्हाला काय करायचंय? त्यांनी सही केली म्हणजे झालं."

ती बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली. रडायचं तर घरी जाऊन रडू, असं तिनं ठरवलं. घरी पोचेपर्यंत रडू गेलं आणि नुसता राग उरला. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी अर्ज टाकले.

शेवटी एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात फोन करायचं काम मिळालं. तिथे म्हाताऱ्या माणसांची मोतीबिंदूची ऑपरेशनं मोफत होत. ऑपरेशनं उत्तम व्हायची, पण महिन्यानंतरच्या तपासणीला निम्मी माणसं फिरकतच नसत. थोरलीनं त्यांना फोन करून बोलवायचं. मॅनेजरनं तिच्या हातात चार ओळींचा कागद दिला. "एवढंच वाचायचं. गप्पा नकोत."

तिनं वाचलं. पलीकडून सगळे "येतो, येतो" म्हणाले. बुधवार सकाळ ही तपासणीची वेळ. बुधवार आला आणि बाकडी रिकामीच राहिली.

"फुकट मिळालं की किंमत राहत नाही लोकांना," मॅनेजर म्हणाला.

"त्यांना जाऊन विचारायचं का?"

"तुम्हाला फोनसाठी घेतलंय."

पुढच्या सोमवारी मात्र थोरली रजा टाकून, पायात चप्पल अडकवून पेशंटांच्या घरी निघाली. तिचा अंदाज असा की हॉस्पिटल लांब पडतं आणि बस मिळत नाही. पहिल्याच घरी त्या अंदाजाचा फज्जा उडाला. बस अगदी दारात थांबत होती. म्हातारेबुवा खालीच, मुलाच्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळ्यांच्या डब्यांमध्ये बसलेले.

"दिसत नव्हतं तेव्हा घरात बसवून ठेवलं होतं," ते म्हणाले. "दिसायला लागल्यावर दुकानात आणून बसवलं. बसणं काही सुटलं नाही बघ."

"मग तपासणीला का नाही आलात?"

"दुकान कोण बघणार?"

दुसऱ्या घरी आजीच्या कडेवर एक नातवंड आणि पदराला दुसरं. सून कामाला, मुलगा कामाला. "बुधवारी सकाळी ही दोघं कुणाच्या गळ्यात घालू?" तिसऱ्या घरीही तीच तऱ्हा. थोरलीच्या लक्षात येऊ लागलं. या लोकांना दिसायला लागलं होतं, आणि दिसायला लागल्यामुळेच घराला त्यांची गरज लागली होती. निष्काळजी वगैरे कुणी नव्हतं. त्यांना सवड नव्हती.

मग ती एका अरुंद जिन्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर पोचली. दार सुनेनं उघडलं. कामावर जायच्या घाईत होती.

"तपासणी कसली करता? ऑपरेशन फसलंय तुमचं. काडीचंही दिसत नाही त्यांना. मी उठवते, मी न्हाऊ घालते." एवढं बोलून तिनं पिशवी खांद्याला लावली आणि ती जिना उतरली.

थोरली चपला काढून घरात शिरली. आत पलंगावर आजी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. खालच्या दाराचा आवाज होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग वळून म्हणाल्या, "तुझ्या बाहीचा टाका उसवलाय, पोरी."

थोरलीनं बाही पाहिली. खरंच उसवली होती. ती खाली, आजींच्या पायाशी बसली.

"सगळं दिसतं तुम्हाला?"

"समोरच्या गच्चीवरच्या चिमण्यासुद्धा दिसतात." आजींनी आवाज खाली आणला. "पोरी, लग्न झाल्यापासून मी चुलीपुढून हलले नाही. चार मुलं वाढवली, सासूचं केलं, सासऱ्यांचं केलं. डोळे गेले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातात आयता चहा आणून दिला. आता दिसतंय म्हटलं की उद्यापासून भांडी आणि परवापासून नातवंडं. म्हटलं, आणखी थोडे दिवस आंधळीच राहते."

थोरलीला हसू आलं, आणि त्याच वेळी आजींचा उजवा डोळा तिच्या नजरेत भरला. लालभडक झाला होता.

"हे कधीपासून?"

"ठणकतो अधूनमधून. पण तिथे आले तर डॉक्टरीणबाई मुलाला सांगून मोकळ्या होतील."

"तुम्ही म्हणत नाही तोवर तुमचं नाव मी कुणाला सांगणार नाही," थोरली म्हणाली. "पण हा डोळा दाखवायला हवा. ते कसं जमवायचं ते माझ्याकडे लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. मॅनेजर तिथेच होता. तिनं घरं फिरल्याचं सांगितलं, माणसं का येत नाहीत ते सांगितलं, आणि नावगाव न घेता त्या आजींचंही सांगितलं.

मॅनेजर ताडकन उठला. "म्हणजे ऑपरेशन फसलं असं ती सून गावभर सांगत फिरणार, आणि म्हातारी खुशाल नाटक करतेय? कोण आहे ती? आत्ता मुलाला फोन लावतो."

"नाव नाही सांगणार."

"तुम्ही इथे नोकरी करता."

"हो. पण त्यांनी ते विश्वासानं सांगितलंय. असं ऐकलेलं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं, हे मी शिकून आलेय. आज नाव दिलं तर उद्या कुठल्याच घरात मला खरं कळणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

घरी काय सांगायचं, हे थोरलीच्या डोक्यात येऊन गेलं. तरी ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली आणि मॅनेजरकडे न बघता डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "तो डोळा लाल झालाय आणि ठणकतोय. अशी आणखी किती असतील? तपासणी रविवारी ठेवा. त्या दिवशी पोरं सांभाळायला आणि दुकानात बसायला घरात दुसरं माणूस असतं. पेशंटला एकट्याला आत घ्या, आणि काय निघालं ते त्यालाच सांगा. घरच्यांना सांगायचं की नाही ते तो ठरवेल."

"रविवारी मी घरी असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"महिन्यातून एक."

"बघू."

"बघू नका. तारीख सांगा."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मॅनेजरला म्हणाल्या, "येत्या रविवारी खोली उघडी ठेवा." आणि थोरलीकडे वळून, "आणखी काही?"

"आहे. मला फोनवर ठेवू नका. घरोघर जाऊन विचारणारं माणूस तुमच्याकडे नाही. मला ते काम येतं, आणि मला तेच करायचंय."

"आधी रविवार तर होऊ दे," बाई म्हणाल्या.

रविवारी सगळे आले असं नाही, पण बाकडी भरली आणि काही जणांना जिन्यावर बसावं लागलं. हार्डवेअरवाले म्हातारेबुवा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आजींना त्यांचा मुलगा हाताला धरून घेऊन आला. आत बाईंनी डोळा तपासला, औषध दिलं, आणखी उशीर झाला असता तर जड गेलं असतं म्हणाल्या. आजींनी तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ कुजबुजत वाचून दाखवली. बाहेर येताना मात्र त्यांनी पायानं उंबरा चाचपला. मॅनेजरनं ते पाहिलं. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, आणि तो पाण्याच्या नळाकडे निघून गेला.

थोरलीला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं. मॅनेजर अजूनही तिला फोनवालीच म्हणतो, पण घरोघर जायला आता तिला कुणाला विचारावं लागत नाही.

पुढे आजींनीच तिला बोलावून घेतलं. "आता सांगून टाकते," म्हणाल्या, "पण तू शेजारी बस."

सून कामावरून आली तेव्हा आजींनी एका दमात सगळं सांगितलं. सून दारातच उभी राहिली. आरडाओरडा होईल असं थोरलीला वाटलं होतं. सुनेनं पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून मटकन बसली.

"एवढे दिवस मी तुमचे केस विंचरले," ती म्हणाली. मग वर बघून, "तुम्हाला चहा मिळाला. मला कोण देणार?"

हे आजींच्या मनातच आलं नव्हतं.

"पोरं दुपारची बघेन," त्या सावकाश म्हणाल्या. "भांडी नाही घासणार. आणि संध्याकाळी तू आलीस की चहा मी टाकेन."

"साखर कमी," सून म्हणाली.

त्या दोघींचं पुढचं बोलणं चालू असतानाच थोरली उठली. खालच्या मजल्यावर आणखी एक घर बाकी होतं.