जबड्याखालची खाच

मी तिजोरीतून जबडा काढला, त्याच्या तुटलेल्या कडेला जीभ लावली आणि जागच्या जागी थिजलो.

"शी! काका, काय करताय हे?" मॅडम ओरडल्या. आमच्या संग्रहालयाच्या त्या नव्या प्रमुख. जुनं हाड जिभेला चिकटतं हे त्यांनी वाचलं असेल, पण कुणाला चाटताना पाहिलं नसेल.

"मॅडम, चिकटत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे हा माझा आहे."

एकतीस वर्षं मी इथे हाडांच्या नकला करतो. खरी हाडं तिजोरीत राहतात, माझ्या नकला काचेच्या कपाटांत आणि शाळांना पाठवायच्या पेटीत. हा जबडा म्हणजे आमच्या संग्रहालयातला सगळ्यात मोठा दागिना. पाच लाख वर्षांपूर्वीच्या तीन-चार वर्षांच्या लेकराचा. दोन दुधाच्या दाढा जागेवर, आणि मागच्या खळग्यात पहिली पक्की दाढ वर यायला निघालेली. ती तशीच राहून गेली. चार वाजता बाहेरून तिघे तज्ज्ञ खास तो बघायला यायचे होते, आणि तिजोरीत काय, तर माझं रंगवलेलं प्लास्टिक!

"याच्या आधी बाहेर कधी काढला होता?" मॅडमनी विचारलं.

खोटं बोलवलं नाही. दोन महिन्यांपूर्वी नव्या नकलेचा रंग जुळवायला मी खरा जबडा टेबलावर घेतला होता. रंग असा काही जमला की मला राहवेना. पहारेकऱ्याला हाक मारली. म्हटलं, "ओळख बघू, यातला खरा कोणता?" त्याने नकलेवर बोट ठेवलं. मी खो-खो हसलो, इकडचा तिकडे केला, पुन्हा विचारलं. तो पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा, परत तिजोरीत ठेवताना, कोण चुकलं ते आता कळत होतं.

बायको नेहमी म्हणते, "मिरवायची एवढी हौस बरी नव्हे, एक दिवस अंगाशी येईल." आली! निवृत्तीला चार महिने उरले असताना आली. आधीच्या साहेबांनी दहादा सांगितलं होतं, नकलांवर एखादी खूण करत जा म्हणून. मी म्हणायचो, खूण केली तर ती नक्कल कसली?

"मग खरा कुठाय?"

"शाळांच्या पेटीत."

"आणि पेटी?"

"अंध मुलींच्या शाळेत. बोटांनी बघायला नेलीय त्यांनी."

मॅडमनी गाडीची किल्ली उचलली. मी मागोमाग गाडीत बसलो. नोकरीची धास्ती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्याहून जास्त त्या लेकराचं वाटत होतं. पाच लाख वर्षं टिकलं बिचारं, आणि आता माझ्या फुशारकीपायी कुठल्या तरी फरशीवर आपटून फुटायचं.

शाळेतल्या सरांनी पेटी उघडून दिली. कवटी होती, मांडीचं हाड होतं, दगडी हत्यार होतं. जबड्याची जागा रिकामी.

"जबडा ना?" सर हसले. "तो आमच्या वकीलबाईंकडे. वाद घालून डोकं उठवलंय तिनं. म्हणते, पेटीत ठेवायचा नाही, बाकीचं सगळं त्याच्यावर आदळतं."

वकीलबाई दहा-अकरा वर्षांची. तिने बाकाच्या खणातून लोकरीची टोपी काढली. टोपीत मोजा, मोज्यात जबडा.

"कोण आलंय न्यायला?"

"मी. पेटीतलं सगळं मीच बनवतो."

"हा नाही बनवला तुम्ही," ती ठामपणे म्हणाली. "बाकीचं हलकं आहे, हातात घेतलं की लगेच गरम होतं. हा जड आहे, आणि गार राहतो. सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हा कुणाचा तरी आहे. तर म्हणाले, गप बस, सगळं प्लास्टिकच आहे."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी जबडा उजेडात धरून फिरवला. टवकाही उडाला नव्हता. मग जीभ लावली. चिकटली! माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हसूही आवरेना. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मॅडम "अगं बाई गं" करत बाकावर बसल्या.

"चाटलात ना?" वकीलबाई म्हणाली. "मी पण चाटला होता. चिकटतो तो."

चार वाजता तज्ज्ञ आले, तासभर जबड्याभोवती बसले, खूश होऊन गेले. मग मॅडम म्हणाल्या, "काका, मला हे वर कळवावं लागेल हो."

"कळवा. पहारेकऱ्याला मध्ये आणू नका, माझंच नाव लिहा."

लेखी ताकीद आली. तेवढ्यावर भागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कानस घेऊन बसलो आणि एकेका नकलेला खालच्या कडेवर एक खाच पाडली. पहिल्या खाचेला अर्धा तास लागला, नंतर सवय झाली. शेवटी त्या शाळेसाठी नवा जबडा केला. त्यात संगमरवराची भुकटी घातली, म्हणजे वजन येईल आणि थोडा गारही राहील. पेटीसोबत पाठवला नाही, स्वतः घेऊन गेलो.

वकीलबाईने तो तळहातावर तोलला. "जड आहे," ती म्हणाली. गालाला लावला. "गारही आहे."

'ओळख बघू' म्हणायची माझी आता हिंमत नव्हती. तिचा अंगठा मागच्या खळग्यातल्या दाढेवर थांबला, मग खालच्या कडेवरून सरकत खाचेपाशी आला आणि तिथे दोनदा फिरला.

"हा तुमचा," ती म्हणाली, आणि खणात हात घालून टोपी शोधायला लागली.