गुळगुळीत गाल

"हलू नकोस रे दादा, डोळ्याजवळ कात्री आहे," न्हावी म्हणाला आणि थोरल्या भावाच्या पापण्यांची टोकं छाटू लागला. पासष्टीच्या माणसाला नव्या नवरीसारख्या लांब, वळलेल्या पापण्या! डोक्यावरचे केस मात्र विरळ होत चाललेले.

ही सगळी फुफ्फुसातल्या गाठीवरच्या गोळीची करणी. न्हाव्याला मुळातच नसत्या चौकशा फार. दवाखान्यातल्या नर्सचं डोकं खाऊन त्याने सगळं विचारून घेतलं होतं. पेशीच्या दाराला कडी असते म्हणे. वाढीचा निरोप आला की ती वाजते आणि पेशी वाढते. जखम भरते तीही अशीच. दादाच्या गाठीतली कडी बिघडली होती, निरोप नसतानाही वाजत राहायची. गोळी तिला धरून ठेवी. पण कातडीलाही तशाच कड्या, म्हणून चेहराभर पुरळ.

"पुरळ आलंय, म्हणजे बहुतेक गोळी काम करतेय," नर्स म्हणाली होती.

"मग पापण्या कशा वाढतात हो?"

"केसांना 'आता पुरे' हा निरोपही त्याच दाराने मिळतो, काका. तोच अडतो," ती हसून म्हणाली. न्हावी दोन दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत होता.

आता त्याने फेस लावला, वस्तरा टेकवला. एरवी फोड चुकवता चुकवता त्याला घाम फुटायचा. आज हात अलगद फिरला.

"वा दादा, चेहरा कसा लख्ख झालाय!" म्हणता म्हणता तो थबकला. "गोळी घेतोयस ना?"

दादा आरशात बघेना.

"दादा!"

"तीन आठवडे झाले बंद करून. घरात बोलू नकोस." दादाचा आवाज बारीक झाला. "नात जवळ येईना रे. पापा मागितला की आईच्या मागे लपायची. आता गालाला गाल घासते."

न्हाव्याला रागही आला आणि रडूही.

"गाठीला काय कळतंय, तुझी नात लाडकी आहे ते?" तो ओरडला. "आजच डॉक्टरांकडे जायचं. मी येतो बरोबर."

दादाने गालावरून हात फिरवला.

"पुन्हा सुरू केली, तर पुरळ कधी येईल?"

"आठवडाभर तरी लागेल."

"मग उरक लवकर. ती शाळेतून येईल आता," दादा म्हणाला. "आणि बघ, जरासुद्धा टोचता कामा नये."

न्हाव्याने दाढी झालेल्या गालाला पुन्हा फेस लावला.