पडद्यावर वाजलेली तबकडी

रफिक आगबोटीवर कोळसा टाकायचा. बॉयलर फुटला, जीव वाचला, पण कान कायमचे गेले. पूर्वी रजेवर उरणला आला की अमेरिकेतून आणलेली जॅझची तबकडी लावून तो अंगणात नाचायचा. शेजारी म्हणायचे, भांडी पडली वाटतं! आता ग्रामोफोनवर चादर टाकून तो दिवसभर ओट्यावर बसे. बायकोशीही धड बोलत नसे.

बायको अतिया. गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. बाजारात तंबूचा सिनेमा आला होता, अजून मुकाच. तो बघताना रफिक एकदा हसला, आणि अतियाच्या डोक्यात आलं की माणसं मुकी असून दिसतात, तर ह्यांचा जॅझ का दिसू नये?

तंबूवाल्या धर्माजीकडून तिनं टाकाऊ रिळं आणली. सोड्याच्या गरम पाण्यात घासून जुनी चित्रं काढून टाकली आणि कपड्याच्या रंगात मेंदीची काडी बुडवून पट्टीवर लांबच लांब वेल काढली. धर्माजीनं ती लावली. पडद्यावर नुसत्या माश्या उडाल्या.

धर्माजी पोट धरून हसला. "भाबी, एकेक चौकोन पापणी लवायच्या आत पळतो. ठिपका दिसायला हवा तर तोच पुढच्या चौकोनात परत काढायचा, केसभर सरकवून. जन्म जाईल तुमचा."

"जाऊ दे," अतिया म्हणाली.

हसतील त्यांचे दात दिसतील! तिनं पट्टी धुतली आणि पुन्हा बसली. तबकडी दिसली तरी रफिकचं तोंड उतरायचं, म्हणून तो बाहेर पडला की ती ग्रामोफोनला चावी देई, थोडंसं ऐके, तेवढंच काढी. तबकडीतल्या ढोलाला काळे ठिपके, कर्ण्याला वर चढणारी पिवळी रेघ, पिपाणीला हिरवी नागमोड. नणंद शहरबानू म्हणाली, "येडी झालीस काय गो?" अतियानं पुढचा ठिपका काढला.

पावसाआधी तंबू उठायचा होता. आदल्या संध्याकाळी खेळाच्या अगोदर तिनं रफिकला जवळजवळ ओढतच नेलं. ग्रामोफोन पडद्याखाली ठेवून तबकडी लावली. धर्माजीनं यंत्राचा दांडा धरला आणि मारामारीची चित्रं फिरवायच्या सवयीनं भराभर फिरवला. पिवळी रेघ चढून गेली, तरी तबकडीत अजून ढोलच चालला होता. अतियाला वाटलं, एवढी मेहनत, सगळी मातीत!

रफिकचं बोट मात्र तोंडपाठ असलेल्या त्या जॅझच्या ठेक्यावर गुडघ्यावर आपटत होतं. तो उठला.

"हळू," तो म्हणाला. "कर्णा एवढ्यात येत न्हाय."

धर्माजीला बाजूला सारून त्यानं दांडा हातात घेतला. "पहिल्यापासून लाव." धर्माजीनं पट्टी मागं घेतली. अतियानं सुई टेकवून खुणेचा हात खाली केला. रफिक पडद्यावर डोळे रोवून फिरवू लागला. काळे ठिपके, ढोल. पिवळी रेघ वर चढली आणि नेमका तेव्हाच कर्णा वाजला. अतियाला रडू आवरेना. तिकडं त्याचं लक्षच नव्हतं.

"आता पिपाणी," तो म्हणाला, आणि पिपाणी आली.