बक्षीस: सफरचंदाचा केक

लोवेलने कुरणात गुडघे टेकले, रॉकेटचं छोटं पॅराशूट मांडीवर पसरलं आणि त्यावर टाल्कम पावडरचा अर्धा डबा रिकामा केला.

“ती माझी पावडर आहे,” त्याची बायको व्हर्ना म्हणाली.

“घड्या चिकटल्या तर छत्री उघडत नाही.”

“मग मी काय लावू? तुझा गोंद?”

लोवेलचं लक्ष नव्हतं. जानेवारीपासून आठ महिने खपून त्याने हे हौसेचं छोटं रॉकेट उभं केलं होतं. टोक एका किटमधलं, नळ्या दुसऱ्या दोन किटांमधल्या, पंख चौथ्यातले, तेही घासूनपुसून आपल्या मनासारखे केलेले. आणि हे सगळं जेवणाच्या टेबलावर. तेव्हापासून दोघं टीव्हीसमोर मांडीवर ताटली घेऊन जेवत होती. तोल बघायला त्याने रॉकेट दोरीला बांधून बैठकीच्या खोलीत डोक्याभोवती गरगर फिरवलं. तोल उत्तम निघाला आणि दिव्याची काच गेली.

त्या दिवशी व्हर्नाने अट घातली. रॉकेट उडवायचं. परत आलं तर टेबल त्याचं, हरवलं तर टेबल तिचं आणि पुन्हा रॉकेट बांधायचं नाही. लोवेल लगेच हो म्हणाला.

आता नळीवरची बारीक अक्षरं वाचायला तिने चष्मा नाकावर सरकवला.

“‘सापडल्यास फोन करा. बक्षीस: सफरचंदाचा केक.’ आणि नंबर माझा?”

“मी फोन उचलत नाही, तुला माहितीये.”

“केक कोण करणार?”

“मला कुठे येतो?” लोवेल म्हणाला.

पहिलंच उड्डाण, म्हणून रिवाजाप्रमाणे रॉकेट क्लबची सगळी मंडळी घडीच्या खुर्च्यांवरून उठून उभी राहिली. भोंग्यावरून उलटे आकडे झाले आणि रॉकेट सुसाट वर गेलं. ते जागच्या जागी फुटून जावं असं व्हर्नाला मनापासून वाटत होतं, पण तिच्याच तोंडून “जा, जा!” असं निघालं आणि तिने चटकन इकडेतिकडे पाहिलं. वर नारिंगी छत्री उघडली. पावडरीमुळे ती इतकी छान उघडली, की खाली यायचं नाव घेईना. नेब्रास्काच्या वाऱ्याने तिला मक्याच्या शेतांवरून पार पलीकडे नेलं.

पुरुषभर उंच मक्यात दोघं दोन तास फिरली. पानांनी हात खरचटले. लोवेल दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. तेवढ्यात व्हर्नाच्या खिशातला फोन वाजला.

“बाई, तुमचं काहीतरी आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलंय,” पलीकडे एक बाई होती. “तर केकचं कसं करायचं?”

व्हर्नाच्या डोळ्यांपुढे टेबल आलं. पांढरा टेबलक्लॉथ, सहा खुर्च्या, मधोमध मिठाची बाटली.

“राँग नंबर,” ती हळूच म्हणाली.

“कोण होतं गं?” मक्यातून आवाज आला.

“कोणी नाही.”

रविवारी लोवेलने न सांगता टेबल आवरलं, गोंदाचे डाग खरवडले. दोघं समोरासमोर बसून जेवली. छान झालंय, लोवेल म्हणाला. सोमवारीही छान झालंय म्हणाला. बुधवारपर्यंत व्हर्नाला त्या दोन शब्दांचा वीट आला. इतके महिने हा माणूस तोंडात घास घेऊन पंखांचं वजन नि गोंद वाळायची वेळ सांगत असायचा आणि ती टीव्हीवरची नजर न काढता हं हं करायची. आपण ते सगळं ऐकत होतो, हे तिला आत्ता कळत होतं.

“शनिवारी वारा पश्चिमेचा होता, नाही?” तिने मुद्दाम विचारलं.

“असेल,” लोवेल म्हणाला आणि मीठ मागितलं.

वाऱ्यावर तासभर बोलणारा माणूस ‘असेल’ म्हणाला, आणि व्हर्नाने ताटली बाजूला सारली.

शुक्रवारी तो केस कापायला गेल्यावर तिने ओव्हनमधून केक काढला आणि तो नंबर फिरवला.

“शनिवारी मी राँग नंबर म्हटलं होतं...”

“कळलं होतं मला,” पलीकडची बाई म्हणाली. “राँग नंबर असला की माणूस वैतागतो. तुम्ही कुजबुजलात.”

व्हर्नाने केक ओट्यावर मागे सरकवला.

“आमच्याकडे खेळण्यातल्या आगगाड्या आहेत,” बाई पुढे म्हणाली. “नवऱ्याच्या. सहा वर्षं झाली, मला तळघरात उभं राहायला जागा नाही. तेव्हा पुन्हा एकदा नीट विचार करा. आमचा गोठा मोठा आहे, तुमचं रॉकेट तिथे कुणाला सापडणार नाही.”

व्हर्नाने टेबलाकडे पाहिलं. टेबलक्लॉथला एक सुरकुती नव्हती.

“एक पंख मोडलाय,” बाईने आठवण झाल्यासारखं सांगितलं. “नवा बसवायचा म्हणजे पुन्हा घासणं, पुन्हा रंग...”

“मोडलाय ते मी नाही त्याला सांगणार,” व्हर्ना म्हणाली. “त्याचं त्याला बघू दे.”

फोन खांद्याने कानाशी दाबून धरत तिने मिठाची बाटली उचलली आणि टेबलक्लॉथची घडी घालायला घेतली.