लग्नातल्या साफ्याचा मासा

अरविंदने आपल्या साहेबांना सांगितलं होतं की पेटीतले सगळे खोटे मासे त्याने स्वतःच्या हातांनी बनवले आहेत. अक्काला हे कळलं ते साहेबांच्या बंगल्यावर रतीब घालणाऱ्या दूधवाल्याकडून. सख्ख्या भावाचा पराक्रम दाराशी उभं राहून दूधवाल्याच्या तोंडून ऐकायचा, आणि वर तो म्हणतो, “बाई, आपके भैया तो बड़े कारीगर निकले.” अक्काने पातेलं आत नेऊन असं आदळलं की अर्धं दूध चुलीपुढे सांडलं. त्याचाही राग तिने अरविंदच्याच नावावर लावला.

आता खोटे मासे म्हणजे काय, हे उज्जैनात समजावून सांगायला हवं, कारण इथून समुद्र कुठे आणि आपण कुठे! लाकडाचं बोटभर डोकं, त्याला काचेचे डोळे, मागे कोंबड्याच्या पिसांचा झुपका आणि झुपक्यात दडवलेला गळ. धावत्या लाँचमागे लांब दोरीवर असे चार-पाच सोडायचे आणि ओढत न्यायचे. खालच्या मोठ्या माशाला वाटतं, आपला घास पळतोय. तो झडप घालतो आणि अडकतो.

अक्काचे वडील विष्णुपंत एका सरदारांच्या खासगीत होते. सरदारसाहेबांना समुद्रातल्या शिकारीचं वेड. दर हिवाळ्यात ते रत्नागिरीकडे जात आणि ही पेटी सांभाळायला विष्णुपंतांना नेत. पंतांनी जन्मात मासा तोंडाला लावला नाही, पण कोणत्या पाण्यात कोणता खोटा मासा सोडायचा हे त्यांच्याइतकं सरदारसाहेबांनाही कळत नसे. पिसं बांधायचं काम मात्र पंतांच्या जाड बोटांना जमेना. एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आलेल्या विनोदिनीला, म्हणजे अक्काला, त्यांनी ते शिकवलं. तिने समुद्र कधी पाहिला नाही. पंत परत आले की सांगत, हा सरळ पोहला, तो उताणा पडला, आणि ती सगळं उसवून पुन्हा बांधायची.

एकदा पंतांनी गळ काढून ठेवले, मंगलनाथाच्या घाटावर होडी घेतली आणि ते मासे क्षिप्रेत ओढून पाहिले. काठावरच्या कोणीतरी बोंब ठोकली की बामण नदीत मासे मारतोय. गळ नाही, दाखवतो, म्हणून पंत ओरडत होते, ऐकतो कोण? दुसऱ्या दिवसापासून शाळेत अरविंदचं नाव पडलं, मच्छीवाला पंडित. पोरगा महिनाभर रडत घरी यायचा. आईविना वाढलेलं लेकरू, अक्काने त्याला पोटच्यासारखं वाढवलेलं. तो म्हणाला, पिसांना हात लावलास की आंघोळ कर, आणि त्या दिवशी आमच्यात जेवायला बसू नकोस. तिने मुकाट ऐकलं. न्हाणीच्या दाराशी पाट मांडून ती एकटी जेवू लागली. पुढे पोरगा मोठा झाला, कचेरीत लागला, सुनंदाशी लग्न झालं, सरदारसाहेब गेले, जहागीर गेली, पंत गेले. अक्काचा पाट न्हाणीच्या दाराशीच राहिला. आणि आता म्हणे, हे सगळं त्याने बनवलं!

गरज पडली की गाढवालाही बाप म्हणतात, तशी गरज अरविंदला पडली होती. नोव्हेंबरात मध्यभारत मोडून नवं राज्य होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार. टावर चौकात जो तो एकच विचारायचा, तुमचं नाव निघालं का? अरविंदला जायचं नव्हतं. सुनंदाची शाळेतली नोकरी इथे, माधव नगरातलं घर इथे. यादीत नाव घालणं न घालणं साहेबांच्या हातात होतं, आणि साहेब रजा घेऊन मुंबईला एका मित्राच्या लाँचवर मोठ्या माशाच्या मागे जायचे होते. अरविंदने फळीवरची पेटी काढली, धूळ पुसली आणि बंगल्यावर नेऊन दाखवली. साहेब खूश झाले. म्हणाले, कोणते न्यायचे ते तूच निवडून दे. इथे अरविंदचं घोडं अडलं.

संध्याकाळी तो पेटी घेऊन अक्कापुढे आला तेव्हा तिने आधी त्याला बोलूच दिलं नाही. चोर, कृतघ्न, बापाच्या टाळूवरचं लोणी खाणारा, जे तोंडाला येईल ते ती बोलली. तो खाली मान घालून बसला. तिला वाटलं, आता म्हणेल, चुकलो. त्याऐवजी तो म्हणाला,

“तू पण ना अक्का, फालतूत राईचा पहाड करून राहिलीस. बहिणीने बनवले म्हटलं असतं तर साहेब हसले असते. बायकांचं काम आहे का हे?”

इतकी वर्षं बोटं टोचून घेतली ती कोणाची होती? एकदा वाटलं, पेटी उचलावी आणि विहिरीत टाकावी. पण दारात सुनंदा उभी होती, तिच्या चेहऱ्यावरची काळजी खरी होती. आणि हा मेला भोपाळला गेला तर या घरात अक्काने राग तरी कोणावर काढायचा? भिंतींवर? तिला तो जायला नकोच होता. त्याचाही तिला संताप आला.

तिने पेटी ओढून घेतली. पहाटेसाठी काळ्या-जांभळ्या पिसांचा काढला, कारण अंधुक उजेडात खालून पाहणाऱ्या माशाला गडद सावलीच आधी दिसते. उन्हं चढली की कुपा नावाच्या माशासाठी पांढरा, लहान, चांदीच्या तारेचा. सुरमईचे दात कात्रीसारखे, म्हणून तिच्यासाठी पितळी चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचा चकचकीत पत्रा, काढला आणि त्याला दोरीऐवजी पोलादी तार लावली. चमचा पाण्यात हलला पाहिजे, गरगर फिरता कामा नये, नाहीतर दोरीला पीळ पडतो. ताजा बांगडा लावायचा तर त्याचं तोंड शिवून घ्यायचं, म्हणजे ओढताना आत पाणी शिरत नाही. अरविंद शाळेतल्या पोरासारखा पुटपुटत पाठ करत होता, ते पाहून तिचा राग आणखी चढला.

चार न्यायचे होते, चौथ्याची जागा अजून रिकामी होती. अरविंद म्हणाला, साहेबांना तो पाठीवर शीड उभारणारा, तलवारीसारख्या नाकाचा मासा पाहिजे. अक्का हसली, पण बरं नाही हसली. सरदारसाहेबांनी त्या माशासाठी आयुष्य घालवलं आणि हात हलवत परत आले. याला पाहिजे म्हणे! उद्या घेऊन जा, एवढंच बोलून तिने त्याला पिटाळलं.

सकाळी तो कचेरीत गेल्यावर तिने त्याची लग्नातली ट्रंक उघडली. त्याचा गुलाबी साफा काढला आणि जरीचं टोक धरून कात्री शोधू लागली. मागे सुनंदा येऊन उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुनंदाने शिवणाच्या डब्यातली कात्री आणून तिच्या हातात दिली आणि शाळेत निघून गेली. अक्काने सगळ्यात मोठं लाकडी डोकं घेतलं आणि मागे गुलाबी रेशमाचा, जरीचा असा झुपका बांधला की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. पंत नेहमी म्हणत, पाण्यात वरात काढायची नाही, भपका पाहून मासा पळतो. म्हणूनच तिने वरात काढली. जाऊ दे साहेबाला हात हलवत. कळू दे अरविंदला स्वतःची कारागिरी. आपण कोणाच्या पायावर धोंडा टाकतोय, हे तिला गाठ आवळताना सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा पेटी देवास गेटवरून सुटलेल्या मोटारीत होती.

मग दिवस मोठे वाईट गेले. साहेब चिडून आले आणि अरविंदचं नाव भोपाळच्या यादीत घातलं तर ते तिच्यामुळे. ती देवापुढे बसायची आणि देवावरच खेकसायची. कोणाला सांगणार? सुनंदाला साफ्याचं माहीत होतं, तेवढंच.

आणि एक दिवस दुपारी साहेबांची जीप दारात थांबली. अक्का मागच्या पडवीत पिसं साफ करून लाखेने चिकटवत बसली होती. पेटी गेल्यापासून तिचे हात थाऱ्यावर नव्हते. पुढच्या खोलीत हसण्याचा गडगडाट झाला. ती दाराआड येऊन उभी राहिली.

साहेबांना मासा मिळाला होता. शीडवाला, माणसाहून लांब. लाँचवरच्या कोणी असा पाहिला नव्हता. काळ्याला काही लागलं नाही, पांढऱ्याला दोन कुपे लागले, पण शीडवाला आला तो सरळ त्या गुलाबी झुपक्यावर. तो झुपका साहेबांनी रुमालात गुंडाळून आणला होता. लाकूड खरवडलेलं, रेशमाच्या चिंध्या झालेल्या, गळ वाकलेला. साहेब म्हणत होते की असा माणूस उज्जैनात कुजत ठेवायचा नाही. अरविंदला ते स्वतःबरोबर भोपाळला नेणार, आपल्याच हाताखाली. हुकूम उद्याच काढतो.

अरविंदचा चेहरा राखेसारखा झाला. सुनंदाने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. साहेबांनी विचारलं, गुलाबीच का निवडला? आणि या माणसाने, ज्याने स्वतःच्या लग्नातला साफा ओळखला नाही, घसा खाकरून सांगायला सुरुवात केली की सर, खोल पाण्यात सूर्याचे किरण तिरपे पडतात, त्याचा मी बराच अभ्यास केला…

अक्काला ते ऐकवेना. डोक्यावरचा पदर सारखा करून ती बाहेर आली. हातांना पिसांचा भुगा आणि लाख चिकटलेली, तशीच.

“साहब, यह झूठ बोल रहा है,” ती म्हणाली. “सब मैंने बनाए हैं. पिताजी ने सिखाया, और मैंने बीस-बाईस साल बनाए. और यह गुलाबीवाला मैंने गुस्से में बाँधा था, कि आपको कुछ न मिले. इसी की शादी का साफा है. मछली ने क्यों पकड़ा, मुझे नहीं मालूम. मछली से पूछिए.”

साहेबांनी हातातल्या चिंध्यांकडे पाहिलं, मग अरविंदकडे, मग अक्काच्या हातांकडे. आणि ते इतके हसले की चहा बशीत सांडला. हसून झाल्यावर डोळे पुसत त्यांनी अरविंदला विचारलं, “तो फिर आप भोपाल आकर करेंगे क्या?” साहेब म्हणाले, रहो यहीं. दाराशी जाताना ते थांबले, अक्काला हात जोडले आणि पुढच्या हिवाळ्यासाठी चार बनवाल का म्हणून विचारलं. अक्का म्हणाली, बनवीन, पण कोणी विचारलं तर नाव माझं सांगायचं. विनोदिनी.

जीप गेली. अरविंदला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तो चवताळला. साहेबांसमोर माझी इज्जत काढलीस, उद्या कचेरीत तोंड कसं दाखवू, आजूबाजूचं अख्खं फ्रीगंज हसेल. शाळेतलं ते जुनं नावही त्याने काढलं, आणि ते काढताना त्याचा आवाज फाटला. अक्काला क्षणभर तो आठवीतला पोरगा दिसला, रडत दप्तर फेकणारा. पण तेवढाच क्षण.

“तुला पोरं हसली, म्हणून मी न्हाणीपाशी जेवले,” ती म्हणाली. “इतकी वर्षं जेवले. तू एकदा तरी म्हणालास, अक्का, इकडे ये?”

रात्री तिने स्वयंपाक केला. आंघोळ केली नाही. हातांची लाख फडक्याने पुसली तेवढीच. न्हाणीच्या दारातला पाट उचलला आणि मधल्या खोलीत, अरविंदच्या पाटाशेजारी मांडला. पानं वाढली आणि स्वतः बसली.

“याच हातची भाकरी आहे,” ती म्हणाली. “खायची तर खा.”

सुनंदा आधी येऊन बसली, अक्काच्या दुसऱ्या बाजूला, आणि तिने भाकरी मोडली. अरविंद दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. दोघी जेवू लागल्या. अक्काने त्याच्याकडे पाहिलं नाही. पहिली भाकरी संपली, तिने दुसरी घेतली. त्याच्या पानातलं पिठलं थिजलं, त्यावर साय धरली. मग पाट सरकल्याचा आवाज आला. तो बसला, रागानेच बसला, आणि खाली मान घालून म्हणाला,

“मीठ वाढ, अक्का.”

तिने चिमटीने मीठ त्याच्या पानात वाढलं. मिठात पिसाचा एक काळा केस पडला होता. त्याने तो पाहिला, बोटाने बाजूला केला आणि जेवू लागला.